भरलेली पिकअप, घाट आणि ब्रेक पॅड : दुकानात नेमकं काय मागायचं?

पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड संपले की आपण स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि काउंटरवर बहुतेक वेळा तीन बॉक्स येतात. एक 'कंपनीचा', एक 'कंपनीसारखाच' आणि एक 'चालतो हो, सगळे हाच नेतात'. तिन्ही पॅड दिसायला जवळपास सारखे असतात. लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला काळपट ठोकळा. किमतीत मात्र चांगलाच फरक असतो. अशा वेळी निवड कशावर करायची? दुकानदाराच्या शब्दावर, मेकॅनिकच्या सवयीवर, की खिशाकडे बघून?

या ब्लॉगच्या एका वाचकाने हा प्रश्न विचारला होता. ते नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटमार्गे वाशीच्या मार्केटला जातात. त्यांचा प्रश्न साधा होता: "पॅड बदलू की डिस्कसकट बदलू, आणि कुठला घेऊ?" उत्तर मात्र एका ओळीत मावणारं नाही. माझं पीएचडीचं काम घर्षण आणि झीज यांवर आहे. या विषयाला ट्रायबॉलॉजी म्हणतात. 1966 साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने एक अहवाल दिला, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. त्यामुळे हा प्रश्न अगदी माझ्या टेबलावरचाच. तर जरा सविस्तर बघूया.

आधी हिशेब : ब्रेकला काम किती?

ब्रेक गाडी थांबवतो हे खरं, पण नेमकं करतो काय? तो गाडीच्या गतीचं उष्णतेत रूपांतर करतो. बस्स, एवढंच. मग ती उष्णता कुठेतरी साठवावी लागते आणि हवेत सोडून द्यावी लागते. ब्रेकची सगळी गोष्ट या उष्णतेचीच आहे.

भरलेल्या पिकअपचं एकूण वजन 3000 किलो धरू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटर. गतिज ऊर्जेचं सूत्र शाळेतलंच आहे: वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं साधारण 417 किलोज्यूल. हाच वेग 80 केला तर ऊर्जा होते सुमारे 740 किलोज्यूल. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकचं काम पाऊणपट वाढलं. वर्गाचा हा हिसका लक्षात ठेवा.

आता 417 किलोज्यूलपैकी 70 टक्के भार पुढच्या ब्रेकवर आला असं धरू, कारण ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं. दोन पुढच्या डिस्क, प्रत्येकी 8 किलोची. एक किलो लोखंड एक अंश तापायला साधारण 500 ज्यूल लागतात. म्हणजे 60 वरून एकदा पूर्ण थांबलं की प्रत्येक डिस्क सुमारे 36 अंशांनी तापते. काहीच नाही! गावात, बाजारात चालवताना कुठलाही बरा पॅड हे काम हसत करेल.

खरा पेपर घाटात असतो. 500 मीटर उंची उतरायची असेल तर 3000 किलोच्या गाडीची स्थितिज ऊर्जा सुमारे 14,700 किलोज्यूल कमी होते. म्हणजे 60 वरून पूर्ण थांबण्याच्या 35 पट. ही सगळी उष्णता त्या दोन डिस्कमध्ये कोंडली आणि हवेने एक थेंबही थंडावा दिला नाही असं समजा, तर तापमान 1800 अंशांच्या वर जाईल. बिडाचं लोखंड त्याआधीच वितळून गेलेलं असेल! प्रत्यक्षात असं होत नाही, कारण टायरचं घर्षण काही ऊर्जा खातं, मागचे ब्रेक थोडी घेतात, हवा डिस्क थंड करत राहते आणि गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन मोठा वाटा उचलतं.

हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगतो. हा उतार 20 मिनिटांत उतरलात तर सरासरी 12 किलोवॅट उष्णता सतत तयार होत असते. म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॅटचे सहा गिझर एकदम चालू. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीत यातले बरेचसे 'गिझर' इंजिन सांभाळतं. न्यूट्रल करून उतरणाऱ्या गाडीत ते सगळे ब्रेकच्या गळ्यात पडतात. शिवाय आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा फवारा बंद होतो. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं हा हिशेबही खोटाच.

त्या काळ्या ठोकळ्यात असतं काय?

ब्रेक पॅड म्हणजे एक पदार्थ नाही, ते मिश्रण आहे. दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त घटक एकत्र करून गरम साच्यात दाबतात. आपल्या गोडा मसाल्यासारखंच. प्रत्येक कारखान्याचं प्रमाण वेगळं आणि ते कोणी कोणाला सांगत नाही. पण घटकांचे गट ठरलेले आहेत.

पहिला गट चिकटवणाऱ्याचा. हे बहुधा फिनॉलिक रेझिन असतं, सगळ्यांना धरून ठेवणारं. दुसरा तंतूंचा: अॅरामिड, काच, पोलादाचा काथ्या. घराच्या भिंतीत पूर्वी मातीत भुसा घालायचे, तसं हे बळकटी देतात. तिसरा गट घर्षण वाढवणाऱ्या कठीण कणांचा, म्हणजे अॅल्युमिना, झिरकॉनियम सिलिकेट वगैरे. चौथा उलट्या कामाचा, ग्रॅफाइटसारखा वंगण देणारा, म्हणजे ब्रेक अचानक चावू नये आणि किंचाळू नये. पाचवा भरणीचा, बराइट्ससारखा.

आणि या यादीत आपल्या ओळखीचा एक घटक आहे. कोकण-गोव्यात ज्यांनी काजू भाजले आहेत त्यांना टरफलातून उडणारा चीक माहीत असेल. अंगाला लागला की कातडी सोलवटते. काजूच्या टरफलाचं हेच तेल रासायनिक प्रक्रियेने घट्ट करतात, त्याची पूड करतात आणि ती पूड ब्रेक पॅडमध्ये घालतात. ही पूड कमी तापमानाला घर्षण स्थिर ठेवते आणि आवाज कमी करते. जगभरातल्या पॅडमध्ये ती वापरली जाते. काजूगर आपण खातो आणि टरफल गाडी थांबवतं!

पूर्वी याच मिश्रणात अॅसबेस्टॉस असायचं. उष्णतेला ते उत्तम टिकायचं, पण त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात अडकून अॅसबेस्टॉसिस आणि कर्करोग होतो. म्हणून जगातल्या बहुतेक ठिकाणी ते पॅडमधून गेलं. आज बॉक्सवर 'अॅसबेस्टॉस फ्री' छापलेलं असतं ते याचसाठी. बॉक्सवर असं काहीच छापलेलं नसेल, बनवणाऱ्याचा पत्ताही नसेल, तर तो पॅड स्वस्त का आहे हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. आणि पॅड कुठलाही असो, ब्रेक उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. हे मेकॅनिक मंडळींच्या फुप्फुसासाठी सांगतोय.

ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक, सिरॅमिक

बॉक्सवर दिसणारे हे शब्द म्हणजे मिश्रणाचे प्रकार.

ऑरगॅनिक पॅडमध्ये धातू फार कमी असतो. हे मऊ असतात, आवाज कमी करतात, डिस्कला जपतात. पण खूप तापले की यांची पकड लवकर ढिली पडते आणि झीजही वाढते.

सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश धातू असतो, मुख्यतः लोखंड-पोलाद. हे उष्णता चांगली सहन करतात. म्हणून वजन वाहणाऱ्या आणि घाट उतरणाऱ्या गाडीला हे जास्त मानवतात. तोटे तीन: आवाज थोडा जास्त, डिस्कची झीज जास्त आणि धातूमुळे उष्णता मागे कॅलिपरकडे, म्हणजे ब्रेक ऑइलकडे लवकर पोचते.

सिरॅमिक पॅड शांत असतात, चाकाच्या रिमवर काळी धूळ कमी पाडतात आणि टिकतात. पण हे मुख्यतः कारसाठी, आरामासाठी विकसित झाले. 'महाग म्हणजे भारी' असं समजून भरलेल्या पिकअपला सिरॅमिक लावायची गरज नसते. गाडीच्या कंपनीने तेच सुचवलं असेल तर गोष्ट वेगळी.

एक सावधगिरी मात्र हवी. ही नावं म्हणजे ढोबळ जाती आहेत, दर्जाचा शिक्का नव्हे. वाईट सेमी-मेटॅलिक पॅड चांगल्या ऑरगॅनिकपेक्षा नक्कीच वाईट असू शकतो.

पॅडवरची दोन अक्षरं

अनेक पॅडच्या कडेला किंवा पाठीवर एक लांबलचक कोड छापलेला असतो. त्याच्या शेवटी इंग्रजीतली दोन अक्षरं असतात: 'एफएफ', 'जीजी', 'ईएफ' अशी. ही अमेरिकेच्या एसएई या संस्थेची पद्धत आहे. पहिलं अक्षर साध्या तापमानाला घर्षण किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती ते.

'ई' म्हणजे घर्षण गुणांक 0.25 ते 0.35. 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45. 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. घर्षण गुणांक 0.4 याचा अर्थ, पॅड डिस्कवर 100 किलोच्या जोराने दाबला तर 40 किलोच्या जोराने डिस्कला अडवतो.

तुमच्या जुन्या मूळ पॅडवर 'एफएफ' असेल आणि नव्यावर 'एफई' असेल, तर समजायचं काय? थंड असताना दोन्ही सारखे वाटतील. दुकानातून घरी येईपर्यंत काही फरक कळणार नाही. घाटात तापल्यावर मात्र नवा पॅड कमी पकडेल. म्हणजे नेमका गरज असेल तेव्हा.

पण या अक्षरांवर आंधळा विश्वासही नको. ही चाचणी पॅडच्या छोट्याशा चौकोनी तुकड्यावर, ठरावीक यंत्रात होते. तुमच्या गाडीवर, तुमच्या वजनाला होत नाही. एकेका अक्षराचा पट्टाही रुंद आहे. त्यामुळे हा कोड चाळणीसारखा वापरा. दोन अक्षरं मूळ पॅडपेक्षा खालची दिसली तर तो पॅड बाजूला ठेवा. बरोबरीची दिसली तर पुढचे प्रश्न विचारा.

जास्त पकडणारा पॅड जास्त चांगला, नाही का?

नाही! आणि या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पेडल एकच, पण पुढे आणि मागे किती ताकद जायची याचं गणित कंपनीने मूळ पॅड धरून बसवलेलं असतं. तुम्ही फक्त पुढचे पॅड बदलता तेव्हा त्या गणितातला एक आकडा बदलता.

समजा नवीन पुढचा पॅड मूळच्यापेक्षा कमी पकडतो. ड्रायव्हर काय करेल? नकळत पेडल जास्त दाबेल. ब्रेक ऑइलचा दाब वाढेल. तो मागच्या ड्रमलाही जाईल आणि मागचे ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागतील. आता गाडी रिकामी असेल, माल उतरवून परत येताना, आणि रस्ता पावसाने ओला असेल, तर हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक होतात. मागची चाकं लॉक झाली की गाडी फिरते. पुढची आधी लॉक झाली असती तर गाडी निदान सरळ घसरली असती.

उलट, पुढचा पॅड फारच पकडणारा असेल तर पुढच्या डिस्कवर वाजवीपेक्षा जास्त काम पडतं, ती जास्त तापते आणि मागचा ड्रम निवांत बसतो.

म्हणून निकष 'जास्तीत जास्त' हा नाही, 'मूळच्या जवळ' हा आहे. युरोपात बदली पॅडसाठी आर-90 नावाचा नियम आहे. त्यात पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्के इकडेतिकडे या मर्यादेत असावी लागते. कमी चालत नाही, आणि जास्तही चालत नाही. बॉक्सवर या नियमाचा शिक्का असेल आणि तो खरा असेल, तर ती चांगली खूण.

इथेच आपल्याकडची एक खास सवय आडवी येते: पाटे वाढवणं. माल जास्त भरता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगला एक-दोन जादा पाटे टाकून घेतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलजवळ एक झडप असते. गाडी किती खाली बसली आहे यावरून ती ओळखते की माल किती आहे, आणि त्यानुसार मागच्या ब्रेकला दाब सोडते. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा फारशी खाली बसत नाही. झडपेला वाटतं, गाडी रिकामीच आहे. मग ती मागचा दाब कमीच ठेवते आणि सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. 'पुढचे पॅड फार लवकर संपतात, पॅडच लोकल आहेत' अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी मागे वाकून पाटे मोजावेत. आणि पाटे वाढवले असतील तर ती झडप परत जुळवून घ्यावी.

डिस्क : बदलायची, लेथ मारायचा, की आहे तशीच ठेवायची?

दुकानात आणि बॉक्सवर हिला रोटरही म्हणतात. ही बिडाची असते. पोलाद एवढं मजबूत असताना बीड का? कारण बिडात ग्रॅफाइटच्या बारीक पापड्या असतात. त्या उष्णता भराभर पसरवतात आणि कंपनं गिळतात. म्हणून बिडाची डिस्क कमी ओरडते. शिवाय ती स्वस्त आणि ओतायला सोपी.

पिकअपची पुढची डिस्क बहुधा दुपदरी असते. दोन चकत्यांच्या मध्ये फटी असतात आणि फिरताना त्यातून हवा बाहेर फेकली जाते. नवीन घेताना ही फट मोकळी, एकसारखी आहे ना ते बघा. दोन्ही चकत्यांची जाडी सारखी दिसली पाहिजे. ओतकाम वाकडं असेल तर एक बाजू पातळ राहते आणि डिस्क असमान तापते.

भोकं पाडलेली डिस्क दिसायला फार रुबाबदार. पण जड गाडीला ती नको. एक तर भोकाएवढं लोखंड कमी झालं, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी झाली. दुसरं, वारंवार तापणं-गार होणं चालू राहिलं की भोकांच्या कडेपासून तडे सुरू होतात. साधी, दुपदरी, बिनभोकाची डिस्क हेच आपल्या कामाचं.

जुनी डिस्क ठेवायची का हे ठरवायला तिच्याच अंगावर उत्तर लिहिलेलं असतं. किमान जाडीचा आकडा मिलीमीटरमध्ये कोरलेला असतो. मेकॅनिककडून मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी जाडी मोजून घ्या. कडेवर झिजेची धार उभी राहते, म्हणून धार सोडून आत मोजायचं. जाडी किमान आकड्याच्या जवळ आली असेल, तडे दिसत असतील, निळे-काळे डाग पडले असतील, तर डिस्क बदला. जाडी भरपूर असेल, पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर नुसते पॅड बदलले तरी चालतं.

आता लेथचं. खाचा पडलेल्या डिस्कवर लेथ मारून ती सपाट करता येते, पण फुकट नाही. समजा डिस्क 22 मिलीमीटर जाडीची आहे आणि तिच्या दोन चकत्या 7-7 मिलीमीटरच्या आहेत, मधली जागा फटीची. दोन्ही बाजूंनी 1-1 मिलीमीटर काढलं तर बाहेरून जाडी 22 ची 20 झाली, फार काही वाटत नाही. पण चकत्यांचं लोखंड 14 मिलीमीटरचं 12 झालं. म्हणजे उष्णता साठवायची ताकद सुमारे 14 टक्क्यांनी कमी. तीच गाडी, तोच घाट, पण आता डिस्क आधीपेक्षा जास्त तापणार. म्हणून लेथ मारल्यानंतरची जाडी किमान आकड्याच्या बरीच वर राहत असेल तरच मारा.

'डिस्क वाकडी झाली' म्हणजे काय?

ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं. मेकॅनिक सांगतो, डिस्क तापून वाकडी झाली. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी असमान झालेली असते. जाडीतला 15-20 मायक्रॉनचा फरकही पायाला जाणवू शकतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या.

हा फरक येतो कुठून? पॅड आणि डिस्क घासतात तेव्हा पॅडच्या पदार्थाचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर बसतो. हा थर म्हणजे घाण नव्हे, तो हवाच असतो. चांगल्या ब्रेकमध्ये खरं घर्षण पॅडचा थर आणि डिस्कवरचा थर यांच्यात होतं. सूक्ष्मदर्शकाखाली वापरलेला पॅड पाहिला तर तो सपाट दिसतच नाही. सह्याद्रीतल्या पठारांसारखे छोटे छोटे उंचवटे दिसतात. पोलादाचे तंतू आणि कठीण कण त्या पठारांचा कणा, आणि झिजेची भुकटी दाबली जाऊन त्यांच्याभोवती भर पडते. पॅड डिस्कला टेकतो तो या पठारांवरच. ही पठारं सतत तयार होतात आणि मोडतात. आमच्यासारखे लोक वर्षानुवर्षं जे बघत बसतात ते हेच.

गडबड होते ती थर असमान बसल्यावर. घाट उतरून आलात, डिस्क रसरशीत तापलेली आहे आणि तुम्ही ब्रेक दाबून गाडी उभी करून ठेवली. पॅड एकाच जागी चिकटून बसतो आणि तिथे त्याचा छाप उठतो. पुढे प्रत्येक फेऱ्याला ती जागा जास्त घासते, जास्त तापते. तापमान साधारण 700 अंशांच्या पुढे गेलं तर तिथल्या बिडाची रचनाच बदलते आणि सिमेंटाइट नावाचं कठीण संयुग तयार होतं. कठीण जागा कमी झिजते, आजूबाजूची जास्त झिजते आणि फरक वाढत जातो. वरवर लेथ मारून हे जात नाही, कारण कठीण भाग खोलवर गेलेला असतो. म्हणून घाट उतरल्यावर लगेच चहाला थांबायचं असेल तर आधी एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता हळू चालवा, डिस्क थंड होऊ द्या. थांबल्यावर पाय ब्रेकवरून काढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगडाची ओट लावा.

थरथरीचं दुसरं कारण याहून साधं आहे. नवीन डिस्क बसवताना मागच्या हबवरचा गंज साफ केला नाही तर डिस्क किंचित तिरकी बसते. डिस्क शंभर टक्के चांगली, पण खाली गंजाची एक खपली! तारेच्या ब्रशने पाच मिनिटांचं काम आहे. ते होताना समोर उभं राहून बघा.

बसवताना आणि बसवल्यावर

जुने पॅड फेकायच्या आधी नीट बघा. ते बोलतात. आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या असण्याची शक्यता मोठी. एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ, तरी कॅलिपरमध्येच खोट. डावा संपला आणि उजवा तसाच, तर एका बाजूचा कॅलिपर धरतोय किंवा लागत नाहीये. हे दुरुस्त न करता कितीही महागडे पॅड टाकले तरी ते तसेच संपतील. पिना साफ करून त्यांना ब्रेकचं खास ग्रीस लावायचं, साधं ग्रीस नाही. ते उष्णतेने वितळतं आणि रबर फुगवतं.

पॅड आणि डिस्क नेहमी जोडीने बदला, डाव्या-उजव्या चाकाला एकदम. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून काढा. चकचकीत नव्या डिस्कवर घासलेले जुने पॅड लावू नका.

आणि मग 'बसवणं'. नव्या पॅडचा तो पातळ थर डिस्कवर एकसारखा बसावा लागतो. पॅडच्या बॉक्सवर पद्धत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर रिकामी गाडी, मोकळा सपाट रस्ता घ्या. ताशी 50-60 वरून 10-15 पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा वेग कमी करा. दोन वेळांच्या मध्ये थोडं चालवून डिस्कला हवा खाऊ द्या. पूर्ण थांबू नका. शेवटी काही मिनिटं ब्रेक न लावता चालवा. पॅड टाकल्या टाकल्या माल भरून रात्रीच घाट उतरायला निघणं, ही सगळ्यात वाईट सुरुवात.

ब्रेक ऑइल विसरू नका

पॅडवर खर्च करताना ज्याच्याकडे दुर्लक्ष होतं ते म्हणजे ब्रेक ऑइल. हे हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रतीचं कोरडं ऑइल किमान 205 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पाय थेट खाली जातो आणि ब्रेक लागतच नाही.

घाटातल्या 'ब्रेक फेल'चे म्हणूनच दोन चेहरे असतात. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही: पॅड तापलेत, त्यातलं रेझिन जळून वायू सुटतोय. पेडल मऊ पडलं, खाली गेलं: ऑइल उकळलंय किंवा गळतंय. पहिल्यावर उपाय योग्य पॅड, दुसऱ्यावर वेळेवर बदललेलं ऑइल, आणि दोन्हींवर खालचा गिअर. पॅडचा मसाला 3 मिलीमीटरवर आला की बदलायचा तो याचसाठीही. पॅड जितका पातळ, तितकी उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच घ्या.

तर, दुकानात काय मागायचं?

नारायणगाव ते वाशी करणाऱ्या, भरलेल्या, घाट उतरणाऱ्या पिकअपसाठी माझं उत्तर असं. पॅड मूळ कंपनीचा, किंवा मूळ कंपनीला पॅड पुरवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचा. प्रकार शक्यतो गाडीच्या कंपनीने दिलेलाच, पर्याय असेल तर जड कामाचा सेमी-मेटॅलिक. कडेची दोन अक्षरं जुन्या मूळ पॅडइतकी, दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं नको. बॉक्सवर उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच नंबर हवा. ठोकळा आणि पट्टी यांच्या सांध्यात फट किंवा गंज नको. डिस्क मोजून ठरवा. बदलायचीच तर साधी दुपदरी. ब्रेक ऑइल त्याच वेळी बदलून एअर काढून घ्या. आणि बिल घ्या, कारण नकली बॉक्स विकणारा बिल द्यायला कचरतो.

पैसे कमी असतील तर कुठे वाचवायचे? डिस्क जाड आणि गुळगुळीत असेल तर ती राहू द्या, तिथे पैसे वाचतात. भोकांच्या डिस्कवर, 'रेसिंग' लिहिलेल्या पॅडवर घालायची गरजच नाही. पण पॅडच्या दर्जावर आणि ऑइलवर वाचवू नका.

जाता जाता, संशोधन सध्या कुठे चाललंय तेही सांगतो. रिमवर बसणारी काळी धूळ म्हणजे पॅडची आणि डिस्कची झीज. तिचा बारीक भाग आपल्या श्वासातही जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा करून पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने जवळपास संपवायचं ठरवलं, कारण ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नद्यांत जाऊन माशांना अपाय करत होतं. युरोपच्या युरो 7 नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली आहे. म्हणजे यापुढे पॅडने गाडी थांबवायची, शांत राहायचं, टिकायचं आणि वर धूळही कमी करायची. एका गोष्टीला हात लावला की दुसरी बिघडते. तांबं काढलं तर उष्णता कोण वाहून नेणार? कठीण कण कमी केले तर पकड कुठून येणार? आमच्या क्षेत्रातले बरेच प्रबंध सध्या याच ओढाताणीवर लिहिले जातायत.

तुमच्या गाडीचे पॅड किती किलोमीटरला संपतात, मार्ग कुठला, माल किती आणि पाटे वाढवलेत का, हे कमेंटमध्ये जरूर कळवा. प्रयोगशाळेतल्या यंत्राला माळशेज माहीत नसतो, तुम्हाला असतो.